आलीच

पोर्थवारात 'आलोच' या शब्दाला घड्याळ नाही. नळ दुरुस्त करणारा 'आलोच' म्हणाला तर तो तासाभरात येईल, नाहीतर ईस्टर उलटल्यावर येईल; पण येईल हे नक्की. परगावची माणसं आधी वैतागतात, दारात उभी राहून रस्त्याकडे बघत बसतात, आणि आठवड्याभराने जाताना तोच शब्द लिहिलेला चहाचा मग दुकानातून विकत घेऊन जातात. गावाला त्यात काही वावगं वाटत नाही. आलोच म्हणजे मन तुझ्याकडे पोचलंय, पाय मागून येतायत.

थर्झा पेन्गेली दर मंगळवारी आणि गुरुवारी पाहुण्यांना गाव फिरवायची. सकाळी अकराला एक फेरी, दुपारी दोनला दुसरी. धक्क्यावरून निघायचं, मासे खारवायच्या जुन्या तळघरांवरून पूर्वेच्या कड्याची वाट धरायची, वर हाकेच्या खोपीपाशी थांबायचं आणि चॅपलवरून वळसा घालून परत धक्क्यावर. पासष्टाव्या वर्षी ती तो चढ असा चढायची की विशीतली पोरं मागे धापा टाकत राहायची. मग ती वळून म्हणायची, "काय हो, जीव खालीच ठेवून आलात वाटतं?"

फेरी गावाची असली तरी गोष्ट एकच होती, आणि ती तिच्या घरची होती. तिचा बाप हेडली आणि वीस वर्षांचा भाऊ जोरी, दोघं शहात्तर सालच्या फेब्रुवारीतल्या वादळात बंदराच्या तोंडाशी गेले. समुद्राने नेले असते तर थर्झाने समुद्राला माफ केलं असतं. इथे प्रत्येक घराने कधी ना कधी केलेलंच आहे. पण ती म्हणायची, माझ्या माणसांना समुद्राने नाही नेलं, सायलस रोने नेलं.

त्या मंगळवारी वाऱ्याला जोर होता. अकराच्या फेरीला नऊ जण जमले होते. थर्झा नेहमीप्रमाणे धक्क्याच्या टोकाला उभी राहिली आणि तिने बंदराचं तोंड दाखवलं. दोन्ही बाजूंच्या दगडात उभ्या खाचा आहेत. वादळ आलं की धक्क्यावरच्या यारीने एकेक ओंडका उचलून त्या खाचांतून खाली सोडायचा, एकावर एक, म्हणजे लाट आत शिरत नाही आणि आतल्या होड्या वाचतात. पण एकदा ओंडके पाण्यात बसले, लाटांचा मार बसून अडकले, की वादळ ओसरेपर्यंत ते बापजन्मात निघत नाहीत. म्हणून शेवटची होडी आत आल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही.

"आणि सायलस रोने लावला," थर्झा म्हणाली. "यारी त्याच्या ताब्यात होती. माझ्या बापाची होडी, प्रूडन्स, तेवढी बाहेर होती. अख्ख्या गावाला माहीत होतं. पण साहेबांच्या पोटात बाटली होती ना! कधी एकदा घरी जाऊन शेकत बसतो असं झालं होतं त्याला."

बाटलीचं तिलाही नक्की माहीत नव्हतं. पहिल्या वर्षी कुणीतरी म्हणालं होतं की त्याने सकाळी एक घोट घेतला होता. अठ्ठेचाळीस वर्षांत त्या घोटाची बाटली झाली. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातून असं होतंच, आणि ऐकणाऱ्या गावानेही कधी मोजमाप मागितलं नाही.

"मग काय केलं त्याचं?" एका पाहुण्याने विचारलं.

"काय करणार! गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याच्या खिडकीवर पहिला दगड मी मारला, सतरा वर्षांची होते. सहा महिन्यांत बायकापोरं घेऊन प्लिमथला पळाला. मेला तेव्हा इथून एक माणूस गेला नाही मातीला." तिने कोटाच्या खिशावर थाप मारली. "आणि आता ग्रामसभा इथे पाटीच्या दगडावर सगळं कोरून लावणार आहे. मजकूर मी लिहिलाय. शुक्रवारी कोरणारा येतोय. त्याच्या नावासकट."

भिंतीला टेकलेल्या बाकावर डिगरी काका बसला होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा, एके काळी यारीवर सायलसच्या हाताखाली काम केलेला. दर मंगळवारी, गुरुवारी तो तिथेच बसायचा आणि ही गोष्ट सुरू झाली की काठीच्या टोकाने फरशीतलं गवत टोकरायचा.

"झालं का तुझं?" तो पुटपुटला. "वर घेऊन जा त्यांना. पाऊस येईल."

"बघा, आमचे डिगरी काका," थर्झा पाहुण्यांना म्हणाली. "यांना माझी गोष्ट पाठ झालीय, म्हणून कंटाळा येतो."

"पाठ झालीय खरी," काका म्हणाला.

पाहुण्यांत पन्नाशीची एक बाई होती. आखूड केस, हातात काठी, एकटीच आलेली. ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चढ नाही जमणार. मी इथे बसले तर चालेल?"

"बसा की. काकांच्या शेजारी बसा, पण त्यांच्याकडून गप्पांची आशा नका ठेवू."

बाई बसली. बाकीचे थर्झाच्या मागे चढू लागले.

कड्यावरची खोप म्हणजे चार दगडी भिंती आणि समुद्राकडे एक उघडी खिडकी. पूर्वी तिथे एक माणूस दिवसभर बसायचा आणि पाण्याखाली माशांचा थवा काळा दिसला की खाली हाक द्यायचा. मासे गेले, हाक राहिली. कारण धक्क्यावरून भूशिराच्या पलीकडचं काही दिसत नाही आणि खोपीतून सगळं दिसतं. वादळात कुणीतरी वर उभं राहायचं आणि येणाऱ्या होडीचं नाव घेऊन खाली ओरडायचं. वरची हाक हा गावचा कायदा होता. खालच्यांनी तिच्यावर उलटा प्रश्न करायचा नाही, नुसतं ऐकायचं. वाटेने यायला वीस मिनिटं लागतात, पण सरळ खाली बघितलं तर धक्का पायाशी आहे, दगड टाकला तर पडेल इतका.

"त्या दिवशी इथे मी उभी होते," थर्झा म्हणाली. ही जागा आली की तिचा आवाज दर वेळी जरा हलायचा, आणि त्यात नाटक नव्हतं. "दुपारचे तीन वाजले होते. अकरा होड्यांतल्या दहा आत गेलेल्या. आतलं बंदर तळघरांच्या मागे वळतं, तिथे तीन-तीन होड्या एकमेकींना बांधलेल्या, खालून कुणाला कुणाची मोजणी लागत नव्हती. सगळे माझ्या हाकेवर होते. आणि मला भूशिराच्या टोकाला प्रूडन्स दिसली! निळी पट्टी दिसली. जोरी उभा होता पुढे. मी इतकी खुळी झाले आनंदाने, की छाती फुटेस्तोवर ओरडले."

आणि तिने दर फेरीला करायची तसं केलं. खिडकीच्या कडेला हात टेकले, खाली वाकली आणि सतरा वर्षांच्या मुलीच्या आवाजात हाक दिली.

"प्रूडन्स आलीच!"

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आणले. पाहुण्यांत एकीने डोळे पुसले.

"मग मी धावत सुटले. त्या वीस मिनिटांच्या वाटेने. बापाच्या आधी धक्क्यावर पोचायचं होतं मला. पोचले, तेव्हा तोंडाला शेवटचा ओंडका बसत होता." तिने बंदराच्या तोंडाकडे बोट केलं. "आणि पलीकडे प्रूडन्स उभी. मागे फिरायला जागा नाही. दुसऱ्या लाटेला गेली. जोरीने मला बघितलं होतं."

यापुढे ती कधीच काही सांगत नसे. मग सगळे उतरायचे. त्या दिवशीही उतरले.

धक्क्यावर पाहुणे पांगले. कुणी आईस्क्रीमकडे गेलं, कुणी चहाकडे. थर्झा पाण्याची बाटली तोंडाला लावत बाकाकडे आली, आणि त्या आखूड केसांच्या बाईकडे बघून तिने ती खाली घेतली. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय हो, बरं वाटत नाही का? काका, हिला काय झालं?"

काका काठीने फरशीतलं गवत टोकरत राहिला.

"वरून ओरडलात, त्या तुम्हीच ना?" बाईने विचारलं.

"मीच. ऐकू आलं ना खालपर्यंत? अजून आवाज आहे बाई माझा!"

"काय ओरडलात?"

"म्हणजे? प्रूडन्स आलीच."

बाईने मान हलवली. ती सावकाश म्हणाली, "तुम्ही 'आली' म्हणालात."

"आलीच म्हणाले."

"इथे 'आली' ऐकू आलं. प्रूडन्स आली. एवढंच."

थर्झा हसली. "तुम्ही परगावच्या. तुम्हाला आमचं बोलणं कळायचं नाही. आली म्हणजे आली, येऊन पोचली. आलीच म्हणजे येतेय, आत्ता येईल. इथल्या शेंबड्या पोराला कळतं. अठ्ठेचाळीस वर्षं मी हीच हाक देतेय, कुणी नाही म्हणालं असं! काका, सांग हिला. तू दर फेरीला ऐकतोस. काय म्हणते मी?"

काकाने काठी फरशीवर टेकवली, उचलली, परत टेकवली.

"काका?"

"वारा उत्तरेचा असला तर आलीच म्हणतेस," डिगरी काका म्हणाला. "नैर्ऋत्येचा असला तर आली."

"म्हणजे काय?"

"शेवटचं अक्षर खाली पोचत नाही, पोरी. वारा घेऊन जातो."

थर्झाने नकळत तोंड वळवलं. वारा समुद्राकडून तिच्या उजव्या गालावर येत होता. तो कुठला आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. या गावात लहान पोरं पाढ्यांच्या आधी वारे शिकतात. आणि त्या फेब्रुवारीतल्या वादळाचा वारा कुठला होता, हे तर ती स्वतः प्रत्येक फेरीला सांगत आली होती.

तिच्या हातातली बाटली पडली. झाकण उघडंच होतं, पाणी फरशीवरून वाहत गेलं.

"नाही," थर्झा म्हणाली. "नाही नाही. काहीतरीच काय! तो प्यायला होता."

"दोन दिवस चहाशिवाय काही नव्हतं त्याच्या पोटात. मी होतो ना शेजारी."

"मग तूही ऐकलंस."

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"आली." काकाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. बहुधा ते केव्हाच संपलं होतं. "यारीपाशी आम्ही दोघंच होतो, ओंडके जुळवण्यात मान खाली; बाकीचे आत होड्या बांधत होते. सायलसने मला विचारलं, काय म्हणाली रे? मी म्हटलं, आली म्हणाली. त्याने टोपी काढून आकाशाकडे बघितलं आणि म्हणाला, देवा, सुटलो. अकराच्या अकरा आल्या. चल, सोड ओंडके."

थर्झाला वाटलं आपण उभ्या आहोत, पण ती बाकावर बसली होती. कधी बसली ते तिला कळलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती, आणि ती अगदी क्षुल्लक होती: त्या दिवशी आपण गळ्याला आईचा तपकिरी मफलर गुंडाळला होता, आणि ओरडताना तो तोंडावरून खाली ओढला होता. नीट ऐकू जावं म्हणून.

"मग बोलला का नाहीस?" ती किंचाळली. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघू लागली. "अठ्ठेचाळीस वर्षं! मी त्याला शिव्या घालत होते, तू इथे बसून ऐकत होतास! तोंडात काय कोंबलं होतंस?"

"त्याने शपथ घातली होती," काका म्हणाला. "त्याच संध्याकाळी. तुझी आई धक्क्यावर लोळत होती, तू दगडासारखी उभी होतीस. सायलसने माझी गचांडी धरली आणि म्हणाला, डिगरी, यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर तुझा जीव घेईन. पोरीचा बाप गेला, भाऊ गेला. हे कळलं तर ती उद्या त्याच कड्यावरून उडी घेईल. मी म्हटलं, अरे, गाव तुला फाडून खाईल. तर म्हणाला, माझे खांदे रुंद आहेत, मला बायको आहे, पोर आहे. तिला आईशिवाय कोण आहे?"

"आणि तू ऐकलंस त्याचं?"

"ऐकलं. त्याच्याशी बोलणंही टाकलं. तेही त्यानेच सांगितलं होतं, एकटा तू बोललास तर लोक विचारतील का म्हणून. त्याच्या मातीलाही गेलो नाही." काकाने टोपी मागे सरकवली. "तू दर फेरीला उचलली जीभ लावली टाळ्याला करायचीस, आणि मी इथे बसून ऐकायचो. ती माझी शिक्षा होती, पोरी. घरी बसलो असतो तर सुटलो असतो."

आखूड केसांची बाई इतका वेळ हललीही नव्हती. आता ती म्हणाली, "माझे बाबा शेवटी शेवटी एकच वाक्य बोलायचे. 'ती म्हणाली, आली.' दिवसभर. आई विचारायची, कोण आली? कोण ती? तर तोंड मिटायचे. आईला मरेपर्यंत वाटत होतं की त्यांची कुणीतरी बाई होती इथे."

थर्झाने मान वर केली.

"मी हेस्टर," ती म्हणाली. "सायलस रोची मुलगी. आई गेल्या महिन्यात गेली. मी नुसतं ऐकायला आले होते, लोक काय बोलतात ते. चार वर्षांची होते इथून गेलो तेव्हा. मला या गावातला फक्त तो दगड आठवतो. माझ्या अंथरुणात पडला होता."

थर्झाला 'माफ करा' म्हणायचं होतं, आणि ते दोन शब्द इतके तोकडे वाटले की तिला स्वतःचीच किळस आली.

"तुम्हाला लागला होता?"

"नाही. बाबांनी तो बरोबर नेला. प्लिमथच्या घरात दाराला लावायचे, वाऱ्याने दार बंद होऊ नये म्हणून. आमच्या घराचं दार कधी कुणी लावलेलं त्यांना खपायचं नाही. थंडीतसुद्धा. आई भांडायची, आम्ही कुडकुडायचो." हेस्टरने नाक पुसलं. "आम्हाला वाटायचं, म्हातारा चक्रम आहे."

चर्चच्या घड्याळाचे पावणेदोनचे ठोके झाले. तिघंही तिथेच होती. कुणी उठलं नाही, कुणी कुणाचा हात धरला नाही. असल्या वेळी माणसं एकमेकांना मिठ्या मारतात असं लोक सांगतात. इथे तसं काही झालं नाही. थर्झाने खिशातून पाटीचा मजकूर काढला, उलगडला, स्वतःच्या अक्षरातलं सायलसचं नाव वाचलं आणि घडी करून पुन्हा खिशात ठेवला. फाडून टाकणं फार सोपं झालं असतं.

दोनच्या फेरीचे लोक जमू लागले. सात-आठ जण, एका जोडप्याबरोबर कुत्रा. एकाने विचारलं, "फेरी इथूनच सुटते ना? गाइड कुठे आहे?"

"आज नको, पोरी," डिगरी काका हलकेच म्हणाला. "मी सांगतो त्यांना, तब्येत बरी नाही म्हणून. इतकी वर्षं गेली. त्याची इच्छा होती ना, कळू नये अशी? राहू दे आपल्या तिघांत."

थर्झाने हेस्टरकडे बघितलं. हेस्टर 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही. ती बंदराच्या तोंडाकडे बघत होती, त्या उभ्या खाचांकडे.

थर्झा उठली. आधाराला तिने हेस्टरची काठी मागून घेतली. ती दर वेळच्या जागी, धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. लोक तिच्याभोवती आले. तिने ओंडके दाखवले, यारी दाखवली, वादळात काय करतात ते सांगितलं. आवाज आज मोठा नव्हता, त्यामुळे माणसांना जवळ सरकावं लागलं.

"इथे सायलस रो नावाचा माणूस होता," ती म्हणाली. "तो दारूच्या थेंबालाही शिवला नव्हता. आजपर्यंत मी उलटं सांगत आले, ते खोटं होतं. ती बाकावर बसलीय ती त्याची मुलगी."

लोकांनी वळून बघितलं. डिगरी काकाने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"शहात्तर साली माझा बाप आणि भाऊ बाहेर असताना बंदराचं तोंड बंद झालं," थर्झा म्हणाली. "त्यात ते दोघं गेले."

कुत्रावाल्या बाईने तोंडावर हात नेला. "अरे देवा! बंद कुणी केलं?"

थर्झाने वर खोपीकडे बघितलं. नैर्ऋत्येचा वारा अजून तसाच होता, म्हणून ती वळली, वाऱ्याकडे पाठ केली, आणि एकेक अक्षर सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं बोलली.

"ओंडके सायलसने सोडले," ती म्हणाली. "सोड म्हणून मी सांगितलं होतं."